भेटीला न येणारा अराली

अराली आजाऱ्याच्या भेटीला जात नाही, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आमच्या गावात याहून वाईट काही एखाद्याबद्दल सांगता येत नाही. दारू पितो म्हटलं तर लोक हसतात, बायकोशी भांडतो म्हटलं तर 'कोण भांडत नाही' म्हणतात. पण भेटीला येत नाही म्हटलं की माणसं मान हलवतात आणि गप्प बसतात.

आमच्याकडे माणूस आडवा झाला की निरोप धाडावा लागत नाही. दुपारपर्यंत अंगण भरतं. कुणी दूध आणतं, कुणी केळ्यांचा घड, कुणी नुसतेच हात हलवत येतं, पण येतं. आजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, त्याला एम्पाकोने हाक मारायची, आणि मग उशाशी बसून आपल्या गाईची, आपल्या सुनेची, चहाच्या मळ्यावरच्या मुकादमाची गाऱ्हाणी सांगायची. आजाऱ्याला विश्रांती म्हणून मिळत नाही. पण आपण एकटे पडलो नाही एवढं त्याला कळतं.

एम्पाको म्हणजे आमचं लाडाचं आणि मानाचं नाव. सगळी मिळून डझनभर असतील, त्यातलं एकेक प्रत्येकाच्या वाट्याला येतं, म्हणून एका आळीत तीन-तीन अकीकी सापडतात. खऱ्या नावाने हाक मारतात ते शाळामास्तर आणि पोलीस. मी अकीकी. अरालीचं खरं नाव काटुरामू, पण ते मी त्याच्या तोंडावर कधी घेतलेलं नाही. अगदी त्याचा राग राग करत होते तेव्हाही नाही.

राग कशाचा ते आधी सांगते. आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा आपूली, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. गाव लोटलं. ज्यांच्याशी बांधावरून वाद होते तेही येऊन बसले. आणि हा अराली, लहानपणी आपूलीबरोबर एकाच खोंडावर बसून पडलेला, शेजारी, मित्र, हा आमच्या कुंपणाच्या बाहेर अवाकाडोच्या झाडाखाली उभा राहायचा. रोज संध्याकाळी. जंगलातून परत येताना, पाठीवर पिशवी तशीच. तिथून ओरडायचा, "आपूलीऽ! कसा आहेस?"

म्हातारा आतून हात वर करायचा. बस, एवढ्यावर याचं सुरू व्हायचं. आज रानडुकरांनी कुठे उकरलं, कुठल्या उंबराला फळ धरलं, चिंपांझींची कुठली टोळी कुठल्या ओढ्यापलीकडे गेली, सगळं ओरडून. आळीभर ऐकू जायचं. मी दारात उभी राहून म्हणायचे, "अराली, आत ये की! घर चावतं का?" तो म्हणायचा, "नको अकीकी, इथेच बरा." आणि निघून जायचा.

माझ्या डोक्यात तिडीक जायची. आत आले की म्हातारा म्हणायचा, "अराली आला होता."

"आला कुठे? झाडाखाली उभा होता."

"आला होता," म्हातारा पुन्हा म्हणायचा, आणि डोळे मिटून घ्यायचा.

आपूली गेला. दफनालाही अराली लांब उभा. ना कुणाचा हात हातात घेतला, ना आमच्यात येऊन बसला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण टाकून करते काय? माझी टपरी जंगलाच्या फाटकाशी आणि तो तिथला चिंपांझींचा माग काढणारा. रोज सकाळी आत जाण्याआधी त्याला माझाच चहा आणि माझ्याच तव्यावरची चपाती. मी पेला त्याच्यापुढे असा आदळायचे की अर्धा चहा बाकावर सांडायचा. तो उरलेला अर्धा निमूट प्यायचा.

त्याचं कारण मला ठाऊक नव्हतं असं नाही. फाटकाशी सगळ्यांनाच ठाऊक असतं. आत जाणाऱ्याने बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, पहारेकरी कपाळाशी ते बंदुकीसारखं यंत्र धरून ताप बघणार, मग तोंडाला फडकं. कुणाला साधं पडसं असलं तरी घरी. खोकला गेल्यावरही आणखी काही दिवस घरीच. आपल्याला ज्याने दोन दिवस नाक गळतं, ते चिंपांझींच्या छातीत उतरतं आणि टोळीची टोळी झोपवतं, हे नामारा डॉक्टरीणबाई माझ्याच बाकावर बसून शंभरदा सांगून गेल्या आहेत. ही बाई जनावरांची डॉक्टर, म्बारारा शहराकडची, बोलायला गोड आणि चहात साखर फार. तेव्हा कारण मला माहीत होतं. पण कारण माहीत असलं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं?

मला वाटायचं, या माणसाने हिशोब केला आहे. एका पारड्यात आपूली, दुसऱ्यात झाडावरची माकडं, आणि माकडांचं पारडं खाली गेलं.

त्यातलं एक माकड तर त्याने घरचंच करून घेतलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चिंपांझी मादीचा हात तारेच्या फासात अडकला. फास लावलेला असतो डुकरासाठी, पण फासाला कुठे कळतं. डॉक्टरीणबाईंनी तिला सुई मारून निजवलं, आणि तार कापेपर्यंत तिचा तो सुजलेला हात अरालीने धरून ठेवला. दोन बोटं गेली. हात वाचला. त्यानंतर ती त्याला इतरांपेक्षा जवळ येऊ द्यायची, म्हणजे झाडाखाली तो बसला की ती आपली पाठ त्याच्याकडे करून खुशाल खात राहायची. पाठ करणं ही त्यांच्यात फार मोठी गोष्ट, असं तो सांगायचा. फाटकाच्या कार्यालयात तिला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. यानं तिला एम्पाको दिलं. आणि कुठलं? आतेन्यी. स्वतःच्या आईचं.

गावात गहजब झाला. जनावराला एम्पाको! सगळ्यात जास्त भडकली ती त्याची बायको आद्येरी. पुढे कित्येक वर्षं तिचं एकच पालुपद. नवरा जंगलातून उशिरा आला की म्हणायची, "काय म्हणतात सासूबाई? खाली उतरल्या का झाडावरून?"

तो म्हणायचा, "बऱ्या आहेत. तुझी आठवण काढत होत्या."

"एक दिवस येऊ दे त्यांना. शेपटी धरून हाकलते."

"चिंपांझीला शेपटी नसते, आद्येरी."

"मग कशाला धरून हाकलू तेही त्यांनाच विचारून या!"

अशी ही दोघं. त्यांचं घर गावातलं शेवटचं. मागे केळीची बाग, बागेला कुंपण, आणि कुंपणाला टेकून जंगल. एका बाजूला चहाचे मळे इतके पसरले आहेत की जंगल आता आक्रसून आमच्या परसामागे तेवढं उरलं आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला मुलगी झाली. पहिली नात. एम्पाको ठेवायचा दिवस ठरला आणि मी आद्येरीला मुद्दाम विचारलं, "आजोबा कुठल्या झाडाखाली उभे राहणार?" ती म्हणाली, "या वेळी नाही. रजा घेतली आहे. म्हणतात, नातीला मांडीवर घेणार, सगळ्यांना भेटणार, मग हवं तितके दिवस जंगलाचं तोंड बघणार नाही."

आणि खरंच, त्या दिवशी अराली दारातच उभा होता. पांढरा शर्ट, दाढी घोटलेली. येणाऱ्या प्रत्येकाचे हात दोन्ही हातांत धरत होता आणि सोडत नव्हता. लोक थट्टा करत होते, "अरे, अरालीला हात आहेत!" मी गेले तेव्हा माझेही हात धरले. कितीतरी वर्षांनी. हळूच म्हणाला, "आपूली असता तर आज सगळ्यांत मोठ्याने ओरडला असता." मला रडू फुटलं. मी म्हटलं, "ओरडायची खोड तुझी. त्याची नव्हे." पण माझ्या मनातली गाठ तिथेच सैल झाली, हे खरं आहे.

घर माणसांनी फुलून गेलं होतं. शाळांना सुट्या, त्यामुळे शहरातली नातवंडं आलेली, निम्म्यांची नाकं वाहत होती. टोपलीतली चघळायची कॉफीची बी हातोहात फिरत होती. नाचणीचा उंडा, शेंगदाण्याचं कालवण, धुरावलेलं मांस. मग म्हाताऱ्या मंडळींनी नावं सुचवायला सुरुवात केली. एक आत्या म्हणाली, "पणजीचं द्या. आतेन्यी." आद्येरीने तिथल्या तिथे तोडलं. "ते नाव झाडावर लटकतंय. माझ्या नातीला नको." असा हशा पिकला की बाळ दचकून रडायला लागलं. शेवटी आब्वोली ठरलं. अरालीने मांडीवरच्या गाठोड्याकडे वाकून पहिली हाक मारली, "आब्वोली".

जेवणं झाल्यावर ऊस. आमच्याकडे एम्पाकोच्या दिवशी पाहुण्याला ऊस नाही दिला तर तो घरी जाऊन सांगतो. मागच्या अंगणात, केळीच्या सावलीत, सगळं गाव कडाकडा ऊस सोलून चघळत बसलं. गप्पा, खोकला, हसणं, थुंकणं. चोथ्याचे ढीग झाले. आणि दुसरी रीत अशी की ज्या अंगणात नाव ठेवलं ते त्याच दिवशी, उजेड असेपर्यंत, घरच्या वडीलधाऱ्याने झाडून लख्ख करायचं. केर अंगणात मुक्कामाला राहिला तर नावाला लागतो. अरालीने झाडू हातात घेतला. एरवी हा माणूस जंगलात जाताना खिशातल्या शेंगदाण्याचं टरफलसुद्धा परत आणायचा. पण त्या दिवशी तो माग काढणारा नव्हता. तो आजोबा होता. गाणं गुणगुणत त्याने सगळा चोथा गोळा केला आणि कुंपणापलीकडे ढकलला. आम्ही बायका बघत होतो. 'म्हाताऱ्याला झाडता येतं' म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी उंबरं फळली नव्हती. फाटकाशी सगळे तेच बोलायचे. चिंपांझींची मोठी टोळी खाण्यासाठी फुटून लहान लहान होऊन हिंडत होती आणि कडेकडेला येत होती. कुणाचा मका गेला, कुणाची केळी.

चार दिवसांत अर्धं गाव खोकायला लागलं. मी वाचले. अराली अंथरुणात नव्हता, पण खोकत होता, आणि ठरल्याप्रमाणे घरी होता. मी दूध घेऊन गेले तर दारातूनच हात वर केला. "तिथेच थांब, अकीकी! कुंपणाला अडकव आणि मागे हो. तू फाटकाशी असतेस."

"बरं बाबा. दूध तरी खोकत नाही ना?"

तो हसला, खोकला, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की मी थांबून राहिले. "अकीकी, कोण आलं होतं सांग. आतेन्यी! नाव ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, उजाडता उजाडता. या इथे, कुंपणापाशी. पिल्लू पोटाला. मी खिडकीतून बघत होतो. आद्येरीलाही उठवून दाखवलं."

आतून आद्येरीचा आवाज आला, "सासूबाई पणतीला बघायला आल्या होत्या म्हणे!"

"आल्याच होत्या," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत कधी आली नव्हती इतकी जवळ. नातीचं नाव ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आली. आता काय म्हणायचं ते म्हणा."

मी म्हटलं, "मग बाळासाठी काय आणलं तिने? रिकाम्या हाताने आली?"

"आणते कसली! आमचंच खाऊन गेली. तो उसाचा चोथा. ओंजळीने घेऊन चोखत बसली होती, पिल्लाच्याही तोंडात घातला. नंतर तिची थोरली लेक आली, आणखी दोघं आले. सगळ्यांनी मिळून कुंपण साफ केलं."

आम्ही तिघंही हसलो. मी टपरीवर येऊन ते सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. पहारेकरी हसला. कुणालाही, कुणालाही काही सुचलं नाही. रोज ज्या बाकावर बसून डॉक्टरीणबाईंनी ते शंभरदा सांगितलं होतं, त्याच बाकावर बसून आम्ही हसत होतो.

मग एका दुपारी आत्वोकी वेळेआधीच बाहेर आली. ही अरालीच्या हाताखाली तयार झालेली, दोन पोरांची आई, आता त्याच्या जागी माग काढत होती. तोंडावरचं फडकं न काढताच म्हणाली, "आत खोकतायत."

"कोण?"

"सगळे."

जंगलात खोकला कसा ऐकू येतो ते मला नंतर कळलं. माणसासारखाच. आत्वोकी म्हणाली, झाडाखाली डोळे मिटून उभं राहिलं तर वाटतं दवाखान्याच्या ओसरीत उभे आहोत.

डॉक्टरीणबाई आल्या. गावात तोवर बोलणी सुरू झाली होती, चिंपांझी बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी आणलं, चहाच्या मळ्यावरच्या फवारणीने झालं. बाई कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. कडेच्या घराघरांत जाऊन एकच विचारत होत्या, चिंपांझी कुणाच्या शेतात उतरले होते का, काय खाल्लं. अरालीच्या कुंपणाशी आल्या तेव्हा मी दुधाचं भांडं परत न्यायला तिथेच उभी होते.

"अराली, तुमच्याकडे उतरले होते का?"

"हो तर!" तो दारातून म्हणाला. तोच उजळलेला चेहरा. "आतेन्यी आली होती. आमच्या नातीचं..." आणि तो थांबला.

तसा थांबलेला माणूस मी परत पाहू नये. त्याचं तोंड उघडं राहिलं. नजर भिंतीला टेकवलेल्या झाडूकडे गेली. मग कुंपणाकडे. मलाही त्याच घटकेला कळलं.

"ऊस," तो म्हणाला. "आमच्या तोंडातला. मीच ढकलला तिकडे."

बाईंनी कुंपणापलीकडे वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, अराली. दहा वाटा असतात. कुणी रानात थुंकलं असेल, कुणाच्या मक्यातून गेलं असेल."

"असतील," तो म्हणाला. "पण ही एक मी केली."

आतेन्यी सगळ्यांत जास्त आजारी होती. टोळीबरोबर चालणं तिला जमेना, तेव्हा ती मागे राहिली, आणि राहिली कुठे तर अरालीच्या केळीबागेमागच्या झुडपात, जमिनीपासून हातभर उंचीवर फांद्या मोडून केलेल्या बिछान्यावर. बाईंनी तिला लांबून औषधाची सुई मारली होती. बाकी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. तिच्या खोकल्याचा आवाज अंगणात यायचा. घरात आद्येरी खोकायची, ओसरीत अराली, कुंपणापलीकडे ती.

आणि हा जाऊ शकत नव्हता. त्याचा खोकला हटत नव्हता. आतेन्यीचं पिल्लू तिच्या पोटाला होतं, थोरली लेक आसपास घुटमळत होती, ती दोघं अजून त्यातल्या त्यात बरी होती. याने जाऊन आणखी काही नेलं तर तीही गेली.

गावाला हे पटेना. आता सगळ्यांना माया फुटली. म्हातारी आत्या कुंपणाशी येऊन म्हणाली, "तू तिला एम्पाको दिलंस ना? मग ती तुझी झाली. तुझं माणूस परसात कण्हत पडलंय आणि तू आत बसलास? आमच्या वेळी आला नाहीस ते सोडून दिलं आम्ही. निदान तिच्या वेळी तरी जा!" आद्येरी, जन्मभर जिने सासूबाई सासूबाई करून छळलं, ती रडत म्हणाली, "तोंडाला दोन फडकी बांधा, पण जा हो. मला ऐकवत नाही."

एका सकाळी तो माझ्या टपरीवर आला. पायात बूट, पाठीवर पिशवी. बाकाच्या पार टोकाला बसला आणि म्हणाला, "आलं घालून दे. कडक." एक पेला झाला, दुसरा मागितला. मला दिसत होतं तो काय करतो आहे. परसाचं कुंपण ओलांडून जंगलात शिरणारा तो नव्हता, जाणार तर फाटकातूनच. गरम चहाने खोकला थोडा वेळ दबून राहतो. ताप त्याला नव्हताच, यंत्रात काही दिसलं नसतं. आत्वोकी त्या दिवशी कामावर नव्हती, त्यामुळे त्याला कुणी अडवलंही नसतं.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं आहे."

"खरं?"

तो पेला ठेवून उठला आणि फाटकाकडे गेला. पहारेकऱ्याने यंत्र कपाळाशी धरलं, मान डोलावली. अराली औषधाच्या पाण्याच्या कुंडाशी गेला. एक बूट पाण्यात बुडवला. तिथेच उभा राहिला. त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि मी पाहिलं, छाती आतून ढवळली, खांदे वर आले, आणि त्याने ओठ घट्ट आवळून खोकला गिळला. मला हाक मारायची होती. काय मारणार होते, जा म्हणून की नको म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. आतेन्यी आज-उद्यात जाणार हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

त्याने बूट बाहेर काढला. पाणी निथळू दिलं. पाठीवरची पिशवी सारखी केली आणि परत फिरला. माझ्यासमोरून जाताना लांबूनच म्हणाला, "पेला वेगळा ठेव, अकीकी. उकळत्या पाण्याने धू." आणि घराच्या रस्त्याला लागला.

त्याच संध्याकाळी मी टपरी बंद करून येत होते आणि मला ओरडणं ऐकू आलं. "आतेन्यीऽ! कशी आहेस?"

मी जागच्या जागी थांबले. अराली आपल्या केळीबागेत, कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे उभा होता, झुडपाकडे तोंड करून. थोडा वेळ थांबला. पलीकडून खोकला आला. मग याचं सुरू झालं. ओढ्यापलीकडच्या मोठ्या उंबराला म्हणे आता बारीक फळ धरलं आहे, आत्वोकीने पाहिलं. थोरली लेक आज खाताना दिसली. आब्वोलीला आता हसू येतं. सगळं ओरडून, आळीभर ऐकू जाईल असं. कुणीतरी रस्त्यावरून हसत गेलं. मी हसले नाही. मला आमची ओसरी दिसत होती, आणि अंथरुणातून वर झालेला म्हाताऱ्याचा हात.

'आला होता,' म्हातारा म्हणायचा. मेलीला मला ऐकायलाच आलं नव्हतं.

तो रोज संध्याकाळी उभा राहिला. दिवसा कडेच्या प्रत्येक घरासमोर जाऊन, रस्त्यावरूनच, मोठ्या आवाजात सांगत फिरला, चोथा कुंपणापलीकडे टाकू नका, खड्डा खणून पुरून टाका. माझ्याच अंगणातून गेलं ते, म्हणायचा. त्याने असं चारचौघांत सांगायला नको होतं, असं आद्येरीला वाटलं. बाईंनी वाट मोकळी ठेवली होती, ती धरून सहज गप्प राहता आलं असतं. पण लोकांनी खड्डे खणले. परदेशी पाहुण्यांचं नाव घेणंही आपोआप बंद झालं.

एका संध्याकाळी हाक गेली आणि पलीकडून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा मारली. मग अंधार पडेपर्यंत तिथेच उभा राहिला. सकाळी आत्वोकी बातमी घेऊन आली. आतेन्यी गेली. पिल्लू थोरल्या लेकीच्या पाठीवर आहे, ती त्याला सोडत नाही, दोघंही खोकत नाहीत. तिने ते 'दोघंही खोकत नाहीत' दोनदा सांगितलं आणि डोळे पुसले.

जनावर मेलं म्हणून कुणी कुणाच्या दारी जात नाही. आमच्यात तशी रीत नाही. मी टपरी बंद केली, टोपलीत थोडी कॉफीची बी घेतली आणि निघाले. रस्त्यात विचारलं लोकांनी, कुठे? मी सांगितलं, भेटीला.

अराली ओसरीत गुडघ्यांत मान घालून बसला होता. नात आत रडत होती, आद्येरी तिला झुलवत होती. मी अंगणाच्या तोंडाशी आले तेव्हा तो दचकून उठला, खोकला, आणि हात पुढे करून म्हणाला, "नको, नको, तिथेच! तू उद्या आत जाणाऱ्यांना चहा देणार. ती दोघं अजून..."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला काय शिकवतोस!"

टोपली कुंपणाला अडकवली. मागे झाले, रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. तिथून आवाज पोचेना, म्हणून पदर सावरून ओरडले, "अरालीऽ! कसा आहेस?"

त्याने हात वर केला. मग मी सुरू केलं. आज चपात्या करपल्या. पहारेकऱ्याच्या गाईला कालवड झाली. डॉक्टरीणबाईंनी चार चमचे साखर घातली चहात, आणि ढवळत बसल्या, प्यायल्याच नाहीत. घसा बसेपर्यंत ओरडत राहिले. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. बघू देत.

आद्येरी बाळाला घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अगं अकीकी, तिथे काय उभी राहिलीस? कुणाशी बोलतेस?"

अरालीने तिच्याकडे वळून सांगितलं, त्याचा आवाज बारीक झाला होता तरी मला इथपर्यंत ऐकू आला.

"अकीकी आली आहे," तो म्हणाला.